पडद्यावरच्या काळ्याचा मागोवा

तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालतो तो लग्नाच्या अल्बमवर. गोंडपिपरीतही तेच. अल्बमचा खरा कस लागतो तो काळ्या रंगात. नवरदेवाचा काळा सूट, नवरीचे केस, रात्रीची वरात. कॉम्प्युटरवर हा काळा राखाडी दिसला की हात आपोआप कर्व्ह खाली ओढतो, आणि लॅबमधून प्रिंट येते तेव्हा सुटाची कॉलर, शिवण सगळं एकाच डागात बुडालेलं असतं. म्हणून गेल्या वीस वर्षांत मॉनिटर बदलत गेले, तसतसा पडद्यावरचा काळा कसा बदलला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आधी सीआरटी होता, सगळे त्याला डबाच म्हणत. खिडकी बंद असली की त्याचा काळा गडद. उघडी असली की काचच उजळायची. मग पातळ एलसीडी आले. जागा वाचली, वीज वाचली, काळा मात्र हातचा गेला. एलसीडीच्या मागचा दिवा सतत जळत असतो. पुढचा थर तो अडवतो, पण पुरता अडवत नाही. जो उजेड झिरपतो, तोच आपल्याला काळा म्हणून दिसतो.

पुढे खोक्यांवर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' लाखांत, दहा लाखांत छापून येऊ लागला. पडदा काळा झाला की मागचा दिवाच मंद करायचा, त्यातून हा आकडा. एकाच फोटोत पांढरा शर्ट आणि काळा कोट शेजारी असतील, तिथे त्याचा उपयोग शून्य. ही ग्राहकाची सरळ दिशाभूल होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा कॉन्ट्रास्ट काढायला उजेड मोजायचं खास यंत्र महाग. पण डिजिटल एसएलआर स्टुडिओत होताच, आणि त्याचा सेन्सर हेच काम करतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, खोली अंधारी करायची, कॅमेरा ट्रायपॉडवर पडद्याच्या अगदी समोर. मॅन्युअल मोड, आयएसओ आणि अॅपर्चर कायम, फोकस मुद्दाम घालवलेला, म्हणजे पिक्सेलची जाळी उमटत नाही. आधी पूर्ण पांढरा पडदा, मग पूर्ण काळा. दोन्ही रॉ फोटोंत सारखाच राखाडी येईपर्यंत फक्त शटर बदलायचं. पांढऱ्याला १/६० आणि काळ्याला १५ सेकंद लागले, तर मधे दहा स्टॉप. दहा वेळा दुप्पट, म्हणजे पांढरा काळ्याच्या १०२४ पट उजळ; हाच पडद्याचा कॉन्ट्रास्ट. गुणाकार करून ९०० येतात, कारण कॅमेरा गोल आकडे दाखवतो; प्रत्यक्षात तिथे १/६४ आणि १६ सेकंद असतात.

एकाच फोटोत दोन्ही का मोजू नयेत? २००८ च्या निकॉन डी९० चा रॉ १२ बिटचा, म्हणजे ४०९६ पायऱ्या. पांढरा वरच्या टोकाला ठेवला तर हजारपट मंद काळ्याच्या वाट्याला चारच पायऱ्या येतात, आणि त्या नॉइजमध्ये हरवतात.

एलसीडीच्या प्रकारांपैकी टीएन आणि आयपीएस पॅनेल साधारण हजाराच्या आसपास थांबतात. व्हीए तीन हजारांपर्यंत जातं. तिथे काळ्यासाठी शटर पाऊण मिनिट उघडं ठेवावं लागतं, तेही बल्ब मोडवर. कोपऱ्यातून झिरपणारा दिव्याचा उजेडही याच लांब एक्स्पोजरमध्ये स्पष्ट दिसतो.

आमच्या वाघांच्या भागात या काळ्याला आणखी एक अर्थ आहे. वाघाची ओळख पटते ती अंगावरच्या पट्ट्यांवरून, आणि डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले, जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. रात्रीचे इन्फ्रारेड फोटो कृष्णधवल. गवताच्या सावलीतला पट्टा आणि सावली यांतला फरक फिकट पडद्यावर पुसला जातो.

आता ओएलईडी आलाय. त्यात पिक्सेल स्वतःच विझतो, त्यामुळे तीस सेकंद शटर उघडं ठेवलं तरी हाती फक्त सेन्सरचा नॉइज लागतो. भागाकाराला खालचा आकडाच उरत नाही. अशा पडद्यावर मी शून्याऐवजी, म्हणजे पूर्ण काळ्याऐवजी, १ ते ८ या गडद छटांचे चौकोन ओळीने लावतो आणि त्यांचेच फोटो घेतो. काही पडद्यांवर पहिले दोन-तीन चौकोन एकमेकांत मिसळतात, आणि सुटाची शिवण नेमकी तिथेच असते.