सूर्यफूल, संख्याक्रम आणि बाजारातील हिशेब

निसर्गाविषयी आणि शिक्षणाविषयी लोकांत रूढ असलेल्या पुष्कळ समजुती सर्वस्वी असत्य नसतात, आणि म्हणूनच त्या दीर्घायुषी होतात. त्यांतील सत्यांश मनाला इतका रुचतो, की उरलेल्या भागाची खातरजमा करण्याची निकड कोणास भासत नाही. ती खातरजमा मोजून-मापून करणे हे विद्यापीठीय संशोधनाचे मोठे कार्य आहे, असे मी मानतो. आणि वनस्पतिशास्त्र, गणित व शिक्षण या तीन क्षेत्रांत गेल्या दहाएक वर्षांत झालेल्या काही कामांचा तपशील त्याची साक्ष देतो.

सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे मान वळवीत राहते, ही त्यांपैकी सर्वांत लाडकी समजूत. परंतु ऐन बहरातले शेत सायंकाळी पाहावे, म्हणजे मावळत्या सूर्याकडे पाठ करून सारी फुले पूर्वेला तोंड केलेली दिसतील. सूर्याचा माग काढते ते फुललेले फूल नव्हे, तर वाढीस लागलेले कोवळे रोप. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील स्टेसी हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली सप्रमाण दाखविले, की दिवसा खोडाची पूर्वेकडील बाजू अधिक वाढून शेंडा पश्चिमेला झुकतो, आणि रात्री पश्चिमेकडील बाजू अधिक वाढून तो सूर्योदयापूर्वीच पूर्वेला परततो. रात्री तर सूर्य नसतो. मग परतण्याची आज्ञा कोण देते? माथ्यावर एकच स्थिर दिवा असलेल्या खोलीत ही रोपे नेऊन ठेवली, तरी काही दिवस त्यांचे झुकणे-परतणे चालूच राहिले. अर्थात केवळ प्रकाशाच्या ओढीने हे घडत नसून रोपाच्या अंगचे दिनचक्राचे घड्याळही त्यात भागीदार आहे. खोडाची वाढ थांबली की हे वळणेही थांबते आणि फूल कायमचे पूर्वाभिमुख होते. या पूर्वाभिमुखतेचा लाभही त्यांनी मोजला: सकाळच्या उन्हाने लवकर तापणाऱ्या या फुलांवर, कुंड्या फिरवून मुद्दाम पश्चिमेला वळविलेल्या फुलांच्या पाचपट परागवाहक कीटक आले, आणि त्या पश्चिमाभिमुख फुलांना कृत्रिम ऊब दिली तेव्हा त्यांच्याकडेही कीटकांची ये-जा वाढली.

याच सूर्यफुलाच्या कणसाने दुसऱ्या एका समजुतीला आश्रय दिला आहे. 1, 2, 3, 5, 8, 13, 21 असा, प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज असलेला क्रम इटलीच्या फिबोनाचीने शोधला आणि वनस्पतींतील यच्चयावत सर्पिल रचना त्याच क्रमाने बांधलेली असते, असे सांगितले जाते. यांतील पहिल्या विधानाचा निकाल आधी लावू. फिबोनाचीचा ग्रंथ 1202 सालचा; त्यापूर्वी सुमारे अर्धशतक हेमचंद्राने, आणि त्याच्याही कित्येक शतके आधी विरहांकाने, छंदःशास्त्राच्या निमित्ताने हा क्रम मांडला होता. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रा भरावयाच्या तर चार लघू हा एक प्रकार, एक गुरू व दोन लघू यांचे स्थानभेदाने तीन, आणि दोन गुरू हा एक, असे एकूण पाच प्रकार होतात. शेवटचे अक्षर लघू असेल तर मागे तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन. सबब चार मात्रांचे प्रकार म्हणजे तीन मात्रांचे तीन आणि दोन मात्रांचे दोन यांची बेरीज. आपल्या मात्रावृत्तांतच हे गणित दडलेले होते, याचा मराठी वाचकाला रास्त अभिमान वाटावा.

दुसरे विधान अधिक विचार मागते. कणसातील सर्पिल रांगा 34 किंवा 55 भरतात हे बहुधा खरे असते, आणि शेंड्यावर उमलणारा प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जेथे अधिकांत अधिक मोकळीक मिळेल तेथे जागा घेतो, या साध्या व्यवहारातून असे आकडे उद्भवू शकतात. परंतु बहुधा म्हणजे सर्वदा नव्हे. थोर गणिती ॲलन ट्यूरिंग मँचेस्टर येथे आपल्या अखेरच्या वर्षांत याच प्रश्नावर काम करीत असता 1954 साली निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 2012 साली तेथील विज्ञानसंग्रहालयाच्या पुढाकाराने सामान्य नागरिकांनी सूर्यफुले लावली व रांगा मोजून पाठविल्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 768 विश्वसनीय मोजण्यांपैकी 565 फिबोनाची संख्या निघाल्या, आणखी 67 त्यांच्या नात्यातील क्रमांत बसल्या. बाकीच्या बसल्या नाहीत, आणि काही कणसांत तर रांगांची निश्चित गणनाच होईना. पूर्वीच्या अभ्यासांतून अशा कणसांची पद्धतशीर नोंद झालेली नव्हती. पुढे 2023 साली एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील 40 कोटी 70 लक्ष वर्षांपूर्वीच्या एका वनस्पतीच्या जीवाश्माची त्रिमितीय पुनर्रचना केली, तेव्हा तिची पाने या क्रमात नसलेल्या सर्पिलांत मांडलेली आढळली. पर्णधारी वनस्पतींच्या आदिकाळापासून हाच नियम अबाधित चालत आला, ही धारणा त्यामुळे सोडावी लागते.

आता शिक्षणाकडे वळू, कारण तेथील गैरसमजाची किंमत मुलांना मोजावी लागते. व्यवहारात तरबेज असलेल्या मुलाला शाळेचे गणित सहज जमावे, आणि शाळेत हुशार असलेल्याला बाजारचा हिशेब आपसूक यावा, असे आपण गृहीत धरतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांची परीक्षा घेतली. 2025 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला तो शोधनिबंध मला फार मोलाचा वाटतो. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, आणि हाती दोनशे रुपये: परत किती द्यावयाचे? सोळा आणि एकवीस मिळून सदतीस, म्हणून एकशे त्रेसष्ट. असे हिशेब कागदाविना करणारी ही मुले, तेवढीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने नुसत्या अंकांत मांडली की अडखळत. त्यांनी भाव पाठ केले असतील, कोणी मदत केली असेल, परीक्षेचे दडपण आले असेल, या शंका एकेक करून तपासल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकीनेही हा भेद उलगडला नाही. उलट शेजारच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेली 471 मुले सोप्या अंकगणितात सरस ठरली. पण बाजारातील ज्या प्रश्नाचे उत्तर कामकरी मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांनी बरोबर दिले, तो यांच्यापैकी अवघ्या एक टक्क्याला सुटला.

अशा मुलाला ‘गणितात कच्चा’ असा शेरा देणे हा उघड अन्याय आहे. त्याला येत असलेले गणित आपल्या वर्गापर्यंत पोचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, तेव्हा त्यांचा रोख पेठेतल्या पाव शेराकडे आणि दीड मणाकडे होता. ती घोकंपट्टी जशीच्या तशी पुन्हा आणावी असे मी म्हणणार नाही, पण 1.4 गुणिले 15 हे उदाहरण फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने वर्गाला आजचा कांद्याचा भाव विचारावा, आणि ज्याने तोंडी उत्तर दिले त्याच्याकडूनच त्याची रीत फळ्यावर मांडून घ्यावी, एवढे तरी येत्या सत्रापासून करता येईल.