कासवांचे राखणदार

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुका आहे. त्या तालुक्यात समुद्राकाठी वेळास नावाचे लहानसे गाव आहे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे याच गावचे. पण हल्ली लोक वेळासला जातात ते नानांसाठी नव्हे, कासवांसाठी.

हे कासव आपल्या विहिरीतले नव्हे बरे का. हे समुद्रातले कासव. त्याला ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब, वजन ४० किलोच्या आसपास. याचा सारा जन्म पाण्यात जातो. नर एकदा समुद्रात गेला की बहुधा पुन्हा जमिनीवर येतच नाही. मादी मात्र अंडी घालायला किनाऱ्यावर येते, कारण तिची अंडी पाण्यात जगत नाहीत. त्यांना ऊबदार वाळू लागते.

थंडीच्या दिवसांत मादी रात्री पुळणीवर चढते. भरतीचे पाणी पोचणार नाही अशी जागा पाहते. मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते. खड्डा मडक्यासारखा असतो, तोंड अरुंद आणि पोट मोठे. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. वर वाळू लोटते, अंगाने दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ती अंड्यांकडे फिरकत नाही. तिला माया नाही असे कुणी म्हणेल, पण तिची रीतच तशी. पुढे ४५ ते ६० दिवस वाळूच अंडी उबवते.

मादी चालून गेली की वाळूत खूण उमटते. ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखी ती दिसते. कोल्ह्या-कुत्र्यांना वासाने घरटे सापडते. माणसाला या खुणेने सापडते. पूर्वी किनाऱ्यावरच्या गावांत लोक ही अंडी काढीत, खात आणि विकत. चार पैसे मिळत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला संरक्षण दिले आहे, अंडी काढणे हा गुन्हा आहे. पण पुळण लांबलचक आणि रात्र अंधारी. तिथे कायदा कोण बघणार?

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेची माणसे या भागात आली. भाऊ काटदरे त्यांचे पुढारी. ती शोधीत होती समुद्री गरुडाची घरटी. सापडली कासवाच्या अंड्यांची टरफले. चौकशी केली तेव्हा सारा प्रकार कळला. मग त्यांनी काय केले? गावकऱ्यांशी बोलणे सुरू केले आणि गावातल्याच माणसांना राखणदार नेमले. ज्याला कासवाची खूण ओळखता येते त्याच्याइतका चांगला राखणदार कुठून आणणार? या राखणदारांना आता कासवमित्र म्हणतात.

त्यांचे काम कसे चालते ते सांगतो. पहाटे अंधारात ते पुळणीवर फिरतात. खूण दिसली की घरटे शोधतात. वाळू हाताने काढायची, कुदळ लावायची नाही. अंडी एकेक करून मोजायची आणि बादलीत वाळू घालून तिच्यावर ठेवायची. हे सारे लवकर आटपावे लागते. अंडे घातल्यावर काही तासांनी आतला जीव कवचाला वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले किंवा गदगदले तर तो मरतो. म्हणून बादली नेणारा माणूस भरलेली घागर न्यावी तसा चालतो.

किनाऱ्यावरच वर, जाळीचे कुंपण घातलेली जागा असते. तिला हॅचरी म्हणतात. तिथे तसाच मडक्याच्या आकाराचा, तेवढाच खोल खड्डा करून अंडी पुरतात. शेजारी पाटी लावतात. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. मग दिवस मोजायचे.

यात एक मोठी गंमत आहे. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. वाळू साधारण २९-३० अंशांहून जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, त्याहून थंड असली तर नर जास्त. ऊन फारच वाढले तर अंडीच खराब होतात. म्हणून हॅचरीवर सावली करावी लागते. उन्हाळे असेच कडक होत गेले तर हे काम आणखी अवघड होणार आहे.

दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले वर आली की ती मोजतात आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. पिल्लू असते जेमतेम दोन बोटे रुंद. ते आपले आपण चालत जाते. उचलून पाण्यात टाकायचे नाही. वाळूवरून चालतानाच त्याला तो किनारा ओळखीचा होतो, असे जाणकार सांगतात. मोठी झालेली मादी पुढे त्याच भागात अंडी घालायला येते. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते असे धरतात, म्हणून एकेक पिल्लू मोलाचे.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरतो. शहरातली माणसे येतात. गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात, जेवू घालतात. त्याचे पैसे घरात येतात. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अंडी विकून मिळत त्याहून जास्त पैसे अंडी राखून मिळू लागले, तेव्हा सारे गाव राखणदार झाले. नुसत्या उपदेशाने हे झाले नसते. आम्ही उभा जन्म मुलांना उपदेश करण्यात घालवला आहे, तेव्हा त्याची ताकद किती ते आम्हाला ठाऊक आहे.

कुणाला मदतीला जायचे असेल तर जरूर जावे. पण तिथे काम कसले, तर बहुतेक थांबण्याचे. दोरीमागे उभे राहायचे. दिवा लावायचा नाही, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. पिल्लाला हात लावायचा नाही. गर्दीतल्या इतरांना हेच पुन:पुन्हा सांगायचे. पुळणीवरचे प्लास्टिक आणि तुटकी जाळी वेचायची. मुले दोरीमागे शहाण्यासारखी उभी राहतात. मोबाइल घेऊन पुढे घुसतात ती मोठी माणसे. कधी दोन दिवस थांबूनही एक पिल्लू निघत नाही. मग कुणी कुरकुर करतो. एक कासवमित्र अशांना म्हणाला, "अहो, तुमची परतीची गाडी कितीची, ते कासवाला काय ठाऊक?"

आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा कितीतरी गावांत हे काम चालते. वनखातेही त्यात आहे. २०२२ साली कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली. त्या समुद्रात कुठे जातात हे उपग्रहावरून पाहिले. पहिली मादी वेळासची, तिचे नाव ठेवले प्रथमा.

आणखी एक हकीकत. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका मादीच्या पायाला आकडा कोरलेली पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरला अंडी घालायला आली. ओडिशा देशाच्या पूर्वेला, गुहागर पश्चिमेला. ती बहुधा सारे दक्षिण टोक वळसा घालून आली. राखण करणाऱ्यांना पट्टी दिसली. त्यांनी आकडा टिपून घेतला, म्हणून हे कळले.