ऑपरेशननंतरचा ताप

ऑपरेशन व्यवस्थित पार पडते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेशंटचे अंग थोडे तापते आणि नातेवाइकांचे चेहरे उतरतात. 'टाक्यात पू झाला असणार' अशी कुजबुज सुरू होते. पहिल्या दोन दिवसांतल्या अशा तापात बहुतेक वेळा जंतूंचा संबंध नसतो.

सर्जनने सुरी चालवली काय आणि बैलाने शिंग मारले काय, शरीराच्या लेखी ती जखमच. भूल दिल्याने वेदना कळत नाहीत. पण कापलेल्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये प्रतिकारशक्तीला वर्दी देतातच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात. त्या सोडतात त्या रसायनांनी अंगाची उष्णता वाढते आणि यकृत सीआरपी नावाचे प्रथिन भराभर तयार करू लागते. ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तेव्हा रिपोर्टमधला तो एकटा आकडा पाहून घाबरू नये. जखम मोठी, तर ही धावपळही मोठी. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला पेशंट लवकर हिंडूफिरू लागतो, त्याचे हे एक कारण.

मात्र सगळी कुमक जखमेकडे गेल्यावर दुसरी बाजू ढिली पडते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी काही दिवस कमी होतात. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्यांनी या दिवसांत भेटायला जाऊ नये. रागावले तरी चालतील.

ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हाडे मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासून दाखवले, की मोठ्या इजेनंतर शरीरातली प्रथिने झपाट्याने खर्ची पडतात. म्हणजे स्नायू झिजतात. आणि आपल्या घरी काय होते? 'डाळीने पू धरतो' म्हणून वरण बंद, अंडे बंद. पेज आणि साबुदाण्याची खीर चालू. डाळीने पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो, आणि त्यांच्याशी लढायला प्रथिनेच लागतात. सर्जनने खायची परवानगी दिली, की वरण, दूध, उसळ, अंडी, मासे जे चालत असेल ते द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र विचारून.

ताप कधीही आला तरी डॉक्टरांच्या कानावर घालावा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नव्याने आलेला ताप, जखमेभोवती वाढती लाली, ठणका किंवा पू, धाप, एका पोटरीला सूज, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी सर्जनला गाठावे. घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी देऊन वाट पाहू नये.

मधुमेह असेल तर साखर ऑपरेशनपूर्वीच ताब्यात आणावी. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सुटली पाहिजे. भरती होताना दवाखान्याच्या पायरीवर विझवलेली विडी यात धरली जात नाही.