माथेरानची गोल फेरी आणि खिशातला जीपीएस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार.

विषय आहे माथेरान. "त्यात कसला ट्रेक? तिथे तर लोक घोड्यावर फिरतात," असं तुमच्यातले निम्मे म्हणणार. मान्य. पण मला आज बोलायचंय ते तिथल्या एका छोट्या गोल फेरीबद्दल. बाजारातून निघायचं, शार्लोट लेक आणि जवळचं पिसारनाथाचं मंदिर बघायचं, मग कड्याकडेने इको पॉइंट, लुईझा पॉइंट करत वेगळ्या वाटेने परत बाजारात. रमतगमत गेलात तरी अर्धा दिवस पुरतो. साधारण 800 मीटर उंचीचं पठार, त्यावर दाट झाडी आणि पायाखाली लाल माती. खाली सह्याद्रीचा काळा बसाल्ट आणि माथ्यावर जांभ्याची टोपी, म्हणून ती लाल. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे हॉर्न नाही. एवढ्यासाठीसुद्धा जावं!

आता गंमत बघा. ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचं असेल, तर हिशोब सोपा असतो. यायला दोन तास लागले, म्हणजे जायलाही साधारण तेवढेच, आणि वाट ओळखीची. गोल फेरीत तसं नसतं. अर्धं अंतर ओलांडलं की मागे फिरणं लांबचं पडतं, म्हणून माणूस पुढेच जातो. पण पुढची वाट पाहिलेली नसते, पाय दमलेले असतात आणि उजेड कमी होत असतो. म्हणजे फेरीचा सगळ्यात अवघड भाग तुमची अवस्था सगळ्यात वाईट असताना समोर येतो. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि झाडांखाली त्याच्या बरंच आधी अंधारतं. म्हणून पुढे जायचं की परत फिरायचं, हे तलावापाशीच घड्याळ बघून ठरवायचं. लुईझावर पोहोचून नाही.

"मोबाईल आहे की!" हो, आहे. पण तो जंगलात काय करतो ते समजून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती एरवी नेटवरून पटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला 50 बिट या वेगाने घ्यावी लागते. (डायल-अप मोडेमसुद्धा याच्यापुढे रॉकेट वाटेल.) म्हणून रानात लोकेशन चालू केल्यावर निळा ठिपका बराच वेळ हलत नाही.

उघड्यावर चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. ओल्या पानांखाली सिग्नल क्षीण होतो, आणि कड्यावर आपटून आलेला सिग्नल जास्त अंतर कापून येतो. फोनला ते आपटणं कळत नाही, तो फक्त वेळ मोजतो. परिणामी ठिपका बाजूच्या वाटेवर जाऊन बसतो. जिथे दोन पायवाटा जवळून जातात, तिथे एवढी चूक भरपूर झाली. एका बाजूला दरी असेल तर विचारूच नका.

आणखी एक. गूगल मॅप्सचा नकाशा ऑफलाइन उतरवला तरी पायी जायचा रस्ता ते ऑफलाइन सांगत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एखादं अ‍ॅप घरूनच घ्या आणि निघाल्यापासून ट्रॅक रेकॉर्ड करा. निदान आपण आलो ती वाट तरी हातात राहते. रेंज जाते-येते तिथे फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी खातो, म्हणून फ्लाइट मोड लावा. जीपीएस चालू राहतं. टॉर्च मात्र वेगळी न्या. नकाशाची बॅटरी उजेडावर घालवू नका.

आता माझी आवडती युक्ती, याला बॅटरी लागत नाही. कोडिंग करणाऱ्यांना इन्व्हेरियंट माहीत असेल, म्हणजे प्रोग्राम चालू असताना न बदलणारी गोष्ट. या फेरीत ती गोष्ट म्हणजे दरी. कड्याकडेच्या वाटेला लागताना दरी ज्या हाताला असेल, त्याच हाताला ती शेवटपर्यंत राहायला हवी. पॉइंटच्या टोकावर जाऊन मागे येता तेवढा अपवाद. दरी मध्येच दुसऱ्या हाताला आली, तर तुम्ही नकळत उलटे फिरलात, ठिपका काहीही म्हणो.

पावसाळ्यात धुकं उतरलं की दरी दिसतच नाही, म्हणजे ही युक्तीही गेली. तेव्हा कडा सोडा, बाजार ते तलाव एवढंच करा आणि त्याच वाटेने परत या. आणि खरंच अडकलात तर फ्लाइट मोड काढून 112 लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तर हा कॉल लागू शकतो. फोन उचलला की शेवटी कोणत्या पॉइंटवर होता आणि दरी कोणत्या हाताला होती, ते आधी सांगा.