वळायचे छातीने, कमरेने नव्हे

पडेगावात पाणी आले की घराघरांत धावपळ सुरू होते. हंडा उचलायचा, पाय तिथेच रोवून अंग मागे वळवायचे आणि टिपात ओतायचे. असे दहा-पंधरा हंडे झाले की संध्याकाळी अम्मी कंबर धरून बसतात. दोष सगळा वजनाचा नसतो, वळण्याच्या रीतीचाही असतो. जिममध्ये जाणारी आपली मुलेही हीच चूक करतात. हातात जड प्लेट घेऊन 'रशियन ट्विस्ट' करताना ती झटक्याने डावी-उजवीकडे फिरतात आणि पोटाऐवजी पाठ दुखवून घेतात.

आपल्या कमरेत पाच मणके आहेत. ते वाकण्यासाठी घडलेले आहेत, पिळण्यासाठी नव्हे. पाचही मिळून जेमतेम दहा-बारा अंश फिरतात. छातीचे बारा मणके मात्र त्याच्या जवळपास तिप्पट वळतात. म्हणून वजन घेऊन वळताना वळण छातीतून आले पाहिजे. पोटाच्या स्नायूंचे काम कमरेला घट्ट धरून ठेवण्याचे.

हा व्यायाम घरातल्या चटईवरही करता येतो. जमिनीवर बसा, गुडघे मोडा, टाचा जमिनीला टेकलेल्या राहू द्या. पाठ सरळ ठेवून थोडे मागे झुका. पाठीला कुबड येऊ लागले तर झुकणे कमी करा. पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून कसे झुकायचे, हे नीट रुकू करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. दोन्ही हातांनी वजन छातीजवळ धरा. श्वास सोडत हळूहळू एका बाजूला वळा, क्षणभर थांबा, श्वास घेत मध्यभागी या, मग दुसरी बाजू. खूण एकच: छातीचे मधले हाड वळले पाहिजे. नुसते हात फिरले तर व्यायाम झालाच नाही. श्वास कोंडू नका.

पहिला आठवडा रिकाम्या हातांनी करा. मग पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, ते साधारण एक किलो वजन होते. प्रत्येक बाजूला आठ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. बारा वेळा सहज जमू लागले की मगच वजन वाढवा. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. भगिनींना यासाठी घराबाहेर जाण्याची गरज नाही.

वजन फिरवण्याची ही विद्या आपल्या तालमींना नवी नाही. मुद्गल आणि करेला फिरवणारे पैलवान पाय रोवून, पाठ ताठ ठेवून खांदे आणि छातीतून फिरवतात. इंग्रजांनी हिंदुस्थानात हे पाहिले आणि 'इंडियन क्लब' म्हणून विलायतेला नेले. 1904 आणि 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली होती.

मणक्यातील गादी सरकलेल्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये. दुखणे पायात उतरले किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबावे. वयस्कर अब्बा-अम्मींनी खुर्चीत बसून, वजन न घेता, सावकाश वळावे. तेवढ्यानेही अंग मोकळे होते.

आणि हंड्याचे काय? हंडा पोटाजवळ धरा आणि अंग पिळण्याऐवजी पाय फिरवा. दोन पावले जास्त पडतील, पण कंबर वाचेल.

दुर्बल मोमिनापेक्षा सशक्त मोमिन अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि भलाई दोघांतही आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. शरीर ही अमानत आहे. म्हातारपणीही सजद्यातून आधाराशिवाय उठता यावे, एवढ्यासाठी तरी रोजच्या धावपळीतली दहा मिनिटे तिला द्यायला काय हरकत आहे?