नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाताना

नवी मुंबई, प्रतिनिधी : पनवेलहून नांदेडला थेट रेल्वेगाडी आहे. तिने गेलेला मराठी प्रवासी तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दाराशी मात्र हमखास घुटमळतो. आपण शीख नाही, आत गेलेले चालेल का? चालते. जात, धर्म कोणीही विचारत नाही.

नियम मोजकेच आहेत. पादत्राणे जोडाघरात ठेवून पाय धुवावेत. स्त्री असो वा पुरुष, डोके रुमालाने अथवा पदराने झाकावे. तंबाखूची पुडी खिशात राहू देऊ नये. शीख आचारात तंबाखू सर्वथा वर्ज्य आहे आणि आपल्याकडील मंडळी नेमकी येथेच चुकतात.

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला. तत्पूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. कोणत्याही गुरुद्वाऱ्यात मस्तक टेकायचे ते गुरू ग्रंथ साहिबपुढे, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. वारकऱ्याच्या घरातील माणसाने येथे परके का वाटून घ्यावे?

कडाह प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावा. लंगरमध्ये पंगतीत जमिनीवर बसावे, रोटीही दोन्ही हातांनी स्वीकारावी, हवे तेवढेच मागावे. पानात टाकणे बरे दिसत नाही. जेवणाचे पैसे कोणी मागत नाही. द्यायचेच असल्यास दानपेटी, अर्थात गोलक, असते. नाहीतर भांडी घासणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहावे. तेथे जागा करून देतात.