मार्लिनच्या मागावर, सहकुटुंब!

फॅमिली ट्रिप म्हटलं की आपले फंडे ठरलेले असतात. आईला देवळं हवी असतात, बाबांना दुपारची झोप, दादाला वाय-फाय, वहिनीला 'कोणीही काहीही विचारणार नाही' अशी एक संध्याकाळ आणि भाच्याला स्विमिंग पूल. मग सगळे आपापल्या कोपऱ्यात रिलॅक्स होतात आणि परत आल्यावर फोटोंत मात्र एकत्र दिसतात! मॉरिशसला जाणार असाल तर एक अर्धा दिवस असा काढा की सगळ्यांना एकाच बोटीवर बसावं लागेल. पळायला जागा नाही आणि मोबाइलकडे बघितलं की मळमळतं. याला म्हणतात डीप-सी फिशिंग.

आता 'मासे पकडायला मॉरिशसला कशाला, भाऊच्या धक्क्यावर जा की' असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याला सांगायला हे उत्तर जवळ असू द्या. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. किनाऱ्याभोवती प्रवाळाची कडा, तिच्या आत पोपटी रंगाचं उथळ लगून, आणि कडेच्या पलीकडे एकदम दरी. नैऋत्येला ल मॉर्नच्या डोंगरासमोर किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर गेलात की पाणी साधारण ६०० मीटर खोल होतं. मुंबईसमोर समुद्राचा तळ इतका हळूहळू उतरत जातो की एवढी खोली गाठायला दोन-तीनशे किलोमीटर जावं लागेल. खोल पाण्यात राहणारे मोठे मासे इथे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात ते यामुळे. शिवाय बेटावर वारा बहुतेक वेळा आग्नेयेकडून वाहतो, आणि पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला पडतो. म्हणून फिशिंगच्या बऱ्याच बोटी पश्चिमेला, ब्लॅक रिव्हरच्या धक्क्यावर उभ्या असतात. फ्रेंचमध्ये त्याच गावाला रिव्हिएर न्वार म्हणतात. नाव काळ्या नदीचं, काम निळ्या पाण्याचं!

इथला हिरो म्हणजे ब्ल्यू मार्लिन. भाल्यासारखी चोच, पाठीवर शिडासारखा पर आणि चिडला की अंगावर निळे पट्टे पेटतात. 'एका कोळियाने'मधला तो मासा, असं बाबांनी विमानातच तीनदा सांगितलं होतं. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला पुलंनी मराठीत आणलं, त्याचं पुस्तक आमच्या घरी कव्हर फाटेपर्यंत वाचलं गेलंय. बाबा मूळचे मालवणकडचे. रापण ओढताना दोराला हात लावलेला माणूस. नंतर पस्तीस वर्षं बँकेत. मासा मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. मार्लिनचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आमची ट्रिप डिसेंबरातली. वादळांचा मोसमही तोच, हे लक्षात ठेवा. कप्तान 'आज नाही' म्हणाला तर हुज्जत घालू नका.

केळी? नो वे!

सकाळी साडेसहाला धक्क्यावर पोचलो तेव्हा पहिली हरकत आली ती आईच्या पिशवीवर. भाच्यासाठी तिने केळी घेतली होती. डेकवरच्या पोराने पिशवीत डोकावून बघितलं, चेहरा पाडला आणि दोन बोटांनी केळ्यांचा फणा उचलून धक्क्यावरच्या कठड्यावर ठेवून दिला. बोटीवर केळी म्हणजे अपशकुन, मासा लागत नाही, ही समजूत जगभरच्या गळवाल्यांमध्ये आहे. आईला हे जाम पटलं. 'प्रत्येक धंद्याचं सोवळं असतं,' ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून तिची त्या पोराशी दोस्ती झाली. भाषा एकही कॉमन नव्हती.

बोट भाड्याने घेताना दर अख्ख्या बोटीचा असतो, त्यामुळे पाच-सहा जणांच्या कुटुंबाला ते दोघांपेक्षा परवडतं. हाफ डे म्हणजे पाच-सहा तास, फुल डे म्हणजे आठ-नऊ. मुलं आणि आई-बाबा बरोबर असतील तर हाफ डेच घ्या, प्लीज. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. मुलांसाठी डॉक्टरांना विचारून. केबिनमध्ये जाऊन आडवं व्हायचं नाही. उघड्यावर बसायचं आणि क्षितिजाकडे बघायचं. वहिनीने यातलं सगळं केलं आणि तरीही पहिला तास तिने रेलिंगला मिठी मारून काढला. 'मला कोणीही काहीही विचारू नका,' ही तिची इच्छा अशी पूर्ण झाली.

प्रत्यक्ष प्रकार काय असतो? याला ट्रोलिंग म्हणतात (इंटरनेटवरचं नव्हे). बोट ताशी पंधरा-एक किलोमीटरने चालत राहते. मागे चार-पाच दोऱ्या सोडलेल्या, त्यांच्या टोकाला रंगीबेरंगी झालरीची प्लास्टिकची आमिषं. ती पाण्यावर फुगे सोडत, उड्या मारत पळतात आणि खालून बघणाऱ्याला घाबरलेल्या छोट्या माशांसारखी दिसतात. बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या असतात, दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून. मग तुम्ही बसता. आणि बसता. दोन तास काहीही होत नाही. आमच्या पिढीला 'काहीही न होणं' इतकं अवघड जातं की दादाने पंचेचाळीस मिनिटांत चार वेळा फोन काढला आणि चारही वेळा हिरवा होऊन परत ठेवला.

पहिला लागला तो वाहू. लांबुळका, वाघासारखे पट्टे, तोंडात करवत. सुरमईच्याच कुळातला, आणि बाबांनी तो वर येताच त्याला 'सुरमईचो मेव्हणो' असं नाव देऊन टाकलं. तो भाच्याने ओढला, म्हणजे रीळ त्याने फिरवलं आणि बाकी सगळं डेकवरच्या पोराने केलं. फोटोत मात्र भाचा एकटाच आहे.

झर्रर्र!

मार्लिन लागला तेव्हा साडेनऊ झाले असतील. रिळाचा आवाज आला, झर्रर्र, आणि थांबेचना. इथे एक टेक्निकल गोष्ट. रिळाला ब्रेक असतो, पण तो पूर्ण आवळायचा नसतो. ठरावीक जोर पडला की दोरी सुटत जाते, म्हणून तुटत नाही. म्हणजे मासा पळतो तेव्हा तुम्ही काही करायचंच नाही. तो दमला की काठी वर ओढायची, खाली आणताना पटापट गुंडाळायचं. वर, खाली. वर, खाली. दोनशे मीटर मागे पाणी फुटलं आणि तो अख्खा हवेत आला. कोणीच काही बोललं नाही. मग भाचा म्हणाला, 'आजोबा, हा आपल्याला मिळाला?'

बाबा खुर्चीत बसले. फायटिंग चेअर म्हणजे जमिनीला पक्की केलेली, पाय रोवायला फळी असलेली खुर्ची. दहा मिनिटांत त्यांचा शर्ट भिजला, पंधराव्या मिनिटाला हात थरथरायला लागले. मग दादा बसला. मग, सकाळपासून रेलिंगला चिकटलेली वहिनी उठली आणि म्हणाली, 'सरका.' नियमाने बघाल तर दुसऱ्याने काठीला हात लावला की तो मासा रेकॉर्डसाठी बाद. पण आम्हाला कुठे रेकॉर्ड करायचा होता? शेवटी पुन्हा बाबा. पस्तीसेक मिनिटांनी निळे पट्टे बोटीच्या बाजूला दिसायला लागले. कप्तान म्हणाला, नर आहे, ऐंशी-नव्वद किलो. मार्लिनमध्ये नर दीडशे किलोंच्या पुढे क्वचितच जातो. हजार पौंडांचे, म्हणजे साडेचारशे किलोंचे ते दंतकथेतले राक्षस, त्या सगळ्या माद्या. 'अर्थातच,' वहिनी.

मासा कोणाचा?

आता खरी गोष्ट. मॉरिशसमध्ये जुना रिवाज असा की पकडलेला मासा बोटीचा. पैसे तुम्ही दिलेत, घाम तुम्ही गाळलात, तरी मासा कप्तानाचा. तो विकला जातो, आणि त्यातून कप्तान आणि डेकवरच्या पोराची कमाई होते. तुम्हाला एखादा तुकडा मिळतो आणि धक्क्यावर उलटा टांगलेल्या माशाबरोबर फोटो. ऐकायला अन्याय वाटतो, पण रोज नवे पाहुणे येणार आणि शंभर किलोचा मासा हॉटेलच्या मिनीबारमध्ये ठेवणार का?

प्रश्न दुसरा आहे. ब्ल्यू मार्लिन आययूसीएनच्या यादीत 'व्हल्नरेबल', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरच्या गटात आहे. त्याला मारतात ते मुख्यतः हौशी लोक नव्हेत, ट्यूनासाठी मैलोन् मैल गळ सोडणाऱ्या आणि जाळी टाकणाऱ्या बोटी. त्यात मार्लिन आपोआप अडकतो. म्हणून 'आपण एक सोडला तर काय फरक पडतो' हा युक्तिवाद दादाकडे तयार होता. वहिनीने मात्र बुकिंगच्या वेळीच फोनवर ठरवलं होतं की मार्लिन लागला तर सोडायचा, बाकी सगळे मासे बोटीचे, आणि सोडण्याबद्दल वर थोडे पैसे. कप्तान 'ओके' म्हणाला होता.

पण फोनवर ठरवणं वेगळं आणि तो जिवंत निळा प्राणी हाताच्या अंतरावर असताना ठरवणं वेगळं. डेकवरच्या पोराने एका हातात दोरी धरली होती, दुसऱ्या हाताजवळ आकडी होती. कप्तानाने वरून विचारलं, 'शुअर?' दादा म्हणाला, 'बाबा, आयुष्यात एकदाच...' आणि तो चुकीचं बोलत नव्हता. बाबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि कप्तानाला एकच विचारलं, 'सोडला तर तुमचं किती जाईल?' कप्तानाने आकडा सांगितला. बाबांनी मान हलवली. मासा विकून घर चालवणाऱ्यांमध्ये वाढलेल्या माणसाला तो आकडा आमच्यापेक्षा वेगळा ऐकू आला असणार. वहिनीने ठरवलेल्या रकमेत त्यांनी आणखी भर घातली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा मात्र ते फक्त एवढंच म्हणाले, 'जाव दे तेका.'

सोडणं म्हणजे नुसता गळ कापणं नव्हे. दमलेल्या मार्लिनला तसाच टाकला तर तो बुडून मरू शकतो. त्याला श्वास घ्यायला कल्ल्यांतून पाणी वाहतं लागतं, आणि त्यासाठी त्याला पुढे पोहत राहावं लागतं. म्हणून पोराने हातमोजे घालून त्याची चोच धरली, कप्तानाने बोट अगदी हळू पुढे नेली आणि तो तसाच, बोटीशेजारी, पाणी पीत राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. फिके पडलेले पट्टे पुन्हा निळे व्हायला लागले. मग त्याने एक झटका दिला आणि खाली गेला. दादाच्या फोटोत पाण्यातली एक निळी सावली आणि बाबांचं टक्कल आहे.

थोडक्यात, बुकिंग करताना हा विषय आधी काढा. काही कप्तान आनंदाने सोडतात, काही तोंड वाकडं करतात, आणि तोंड वाकडं करणाऱ्याला व्हिलन ठरवण्याआधी पाकीट उघडायची तयारी ठेवा. झुंज लांबवू नका. माणूस बदला, कप्तानाला बोट मागे घ्यायला सांगा. तासभर दमवलेल्या माशाची जगण्याची शक्यता कमी होते.

कोकण टू कास्काव्हेल

परतताना टॅक्सीवाल्याने आमचं बोलणं ऐकलं आणि आरशात बघून विचारलं, 'तुमी मराठी?' ब्लॅक रिव्हर हा मॉरिशसमधल्या मराठी लोकांचा जुना जिल्हा. १८३४ नंतर करार करून उसाच्या मळ्यांवर जी हजारो भारतीय माणसं आली, त्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणातली माणसंही होती. जवळच्या कास्काव्हेल गावात आजही मराठी घरं आहेत, गणपती आहेत, आणि गणेश चतुर्थीला तर अख्ख्या देशाला सुट्टी असते. जाखडीला इथे 'झाकरी' म्हणतात. टॅक्सीवाल्याची पणजी कुठली ते त्याला नक्की ठाऊक नव्हतं, 'रत्नागिरी साइड' एवढंच. आईने त्याला लगेच तीन गावं आणि चार आडनावं सुचवली.

बोटीवरून मिळालेला वाहूचा तुकडा गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात गेला. त्यांनी त्याचा 'व्हिंदाय' केला. मोहरी, हळद, लसूण, मिरची, व्हिनेगर, आणि त्यात मुरवलेला तळलेला मासा. नाव ओळखीचं वाटतंय ना? गोव्याच्या विंदालूचा हा सख्खा भाऊ, दोघांचंही मूळ पोर्तुगीज. मॉरिशसच्या मेनूकार्डावर स्मोक्ड मार्लिनही सगळीकडे असतो, पातळ कापलेला, लिंबू पिळून. मोठ्या मार्लिनमध्ये पाऱ्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे गरोदर बायका आणि लहान मुलांनी तो टाळावा. आम्ही कोणीच मागवला नाही, पण त्याचं कारण पारा नव्हतं.

व्हिंदाय आईने दोनदा घेतला. मग हळूच पर्समधून डबी काढली. सहा तासांच्या फ्लाइटमध्ये, कस्टम्समधून, तिने चार आमसुलं आणली होती. पुढच्या वेळी व्हिनेगरऐवजी ती घालून बघा, असं तिने स्वयंपाकीणबाईंना खुणांनी समजावलं, आणि बाईंनी डबी ठेवून घेतली.